वसतिगृहाचे पाठकोरे कागद

माझ्या आत्याचं आयुष्य आमच्या मंडळाच्या सचिवांनी क्षिप्रेत सोडून दिलं, आणि वर मलाच विचारलं, "ताई, तुमचा नेमका आक्षेप कशाला आहे?" आता सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल की बाई भांडकुदळ आहे. भांडकुदळ मी आहेच. सगळी नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत गेली. पोरं पुस्तकाची पानं मुडपून परत करायची आणि मी काउंटरवरूनच त्यांचा उद्धार करायचे. पण या वेळी माझं काय चुकलं ते तुम्हीच ठरवा.

मंडळ म्हणजे आम्हा उज्जैनच्या मराठी लोकांचं मंडळ. कोणाचे खापरपणजोबा सरदारांच्या पदरी कारकुनी करत इकडे आले, कोणाचे वडील रेल्वेत नाहीतर बँकेत बदलून आले आणि इथलेच झाले. हे सगळे गणपतीत आणि कोजागिरीला जिथे जमतात ती जुन्या शहरातली दोन मजली इमारत. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात, कारण आम्ही कपाटाला अलमारी म्हणतो आणि आमच्या भाजीत मीठ नाही, 'नमक' कमी पडतं. हसू देत बापडे. त्या मंडळाला शंभर वर्षं होत आली, तसं सगळ्यांना एकदम इतिहासाचं भरतं आलं. जुने कागद काढा, लावा, स्कॅन करा, कॉम्प्युटरवर चढवा, असा ठराव झाला. ठराव करायला खोलीभर डोकी होती. कामाला मी एकटी.

मागच्या खोलीतल्या अलमाऱ्या उघडल्या तेव्हा पहिल्या दिवशी मी नुसती खोकत होते. गणपतीचं थर्माकोलचं मखर, नाटकातल्या दाढ्या, एक फुटका पेटीचा भाता, आणि या सगळ्याखाली शंभर वर्षांचे अहवाल. मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. आधी झटकायचं, मग टाचण्या काढायच्या, मग सालवार लावायचं, वर चिठ्ठी लावायची आणि मगच मशीनला हात लावायचा. मशीन माझं साधंच होतं, काचेवर एकेक कागद ठेवायचा, झाकण लावायचं. सचिव अधूनमधून येऊन दारात उभे राहत. "ताई, अजून इथेच?" म्हणत. ते इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. उंटावरून शेळ्या हाकायची सवय नोकरीत लागलेली, ती घरी आल्यावर सुटते थोडीच?

सगळ्यात खालच्या खणात भैरवगढच्या छाप्याच्या कापडात बांधलेली गाठोडी निघाली. ते लाल-काळे बुट्टे बघितल्याबरोबर मी ओळखलं. आमच्या घरी त्याच कापडाच्या चादरी होत्या, विरल्या की आत्या त्यांची बासनं करायची. ती वसतिगृहाची गाठोडी होती.

एकेकाळी मंडळाचं मुलींचं वसतिगृह होतं. शाजापूर, आगर, तराणा, अशा गावांतून शिकायला आलेल्या मुली तिथे राहत. माझी आत्या तिथली व्यवस्थापिका. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा गेला, माझ्या आजोबांनी तिला माघारी आणून शिकवलं, आणि मंडळानं तिला वसतिगृहात नेऊन बसवलं. बसली ती वसतिगृह बंद होईपर्यंत उठली नाही. मुलींचं जेवणखाण, आजारपण, अभ्यास, रडणं, पळून जाणं, सगळं तिनं निस्तरलं. मंडळाच्या पंचाहत्तरीला जी स्मरणिका निघाली तिच्यात अध्यक्षांचे पानभर फोटो आहेत आणि वसतिगृहावर एक वाक्य: 'वसतिगृहाची व्यवस्था चोख होती.' चोख कोणी ठेवली, ते लिहायला मेल्यांची शाई संपली होती.

आत्या रोज संध्याकाळी, मुली जेवून उठल्या की, दिवसाचं टिपण लिहायची. आता लिहायचं कशावर? कोरा कागद वाया घालवणं आमच्या लोकांत पाप. गणपतीच्या, कोजागिरीच्या निमंत्रणपत्रिका मंडळ नेहमी जास्तीच्या छापून ठेवायचं आणि उरलेल्या गठ्ठ्यानं पडून राहायच्या. एक बाजू छापलेली, पाठ कोरी. पाठकोरा कागद म्हणजे आत्याच्या दृष्टीनं सोनं. आमच्या घरी अजूनही वाण्याची यादी, पोस्टाचा हिशेब, सगळं पाठकोऱ्यावरच होतं. तर वसतिगृहाची सगळी वर्षं तिनं त्या पत्रिकांच्या पाठीवर लिहून काढली होती, पेन्सिलीनं, आडव्या ओळी, समास नाही. समास सोडायचा म्हणजे पुन्हा कागद वाया.

हे सगळं माझ्यासाठी काय होतं ते सांगायला हवं. आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे. नानाखेड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. तिचं शरीर काटक आहे, पण डोक्यातून एकेक खोली रिकामी होत गेली. सकाळी पोहे खाल्लेले दुपारी आठवत नाहीत. वसतिगृहाचं नाव काढलं की ती विचारायची, "कुठलं गं?" ज्या बाईनं त्या घरात आपली उमर घातली, तिला ते घर आठवेना. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, तशी तिच्यावरही चिडायचे.

मग ही गाठोडी सापडली. मी सचिवांकडून परवानगी काढून एकेक जुडी घरी आणायला लागले. दिवेलागणीला, तिचं रामरक्षेचं पुटपुटणं झालं की, मी वाचायला बसायचे. पहिल्या दिवशी वाचलं:

"नवीन मुलगी आली. ट्रंक मोठी, आत काही नाही. रडते. पाणी भरायला लावले."

आत्या ऐकत होती. म्हणाली, "कोण गं ही बाई? खडूस दिसते."

"तूच ती."

"मी? छे." मग मान डोलावून, "पण बरोबर केलं तिनं. नुसतं बसवलं असतं तर पोर आणखी रडली असती."

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले. तिथून पुढे रोजचा नेमच झाला. आत्याचं लिखाण म्हणजे तारेसारखं, शब्दाला पैसा पडतो अशा थाटाचं. "वरणाला फोडणी नाही. तेल संपले. मुली गप्प जेवल्या." "अध्यक्ष येऊन गेले. चहा घेतला. खिडकी तुटकी आहे ती तुटकीच." कुणाचं कौतुक नाही की देवाचं नाव नाही. मुलींची नावंही ती लिहीत नसे, गावावरून ओळखायची. देवासची अभ्यास करत नाही. आगरचीला घरून पत्र नाही. तराण्याची गाते, पण आरतीला नाही. मी वाचायचे आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. आठवायचं असं म्हणत नाही मी. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही. पण रोज संध्याकाळी ती तयार होऊन, केस विंचरून बसायला लागली. "वाच," म्हणायची, "त्या खडूस बाईचं पुढे काय झालं?" तिचं आयुष्य तिच्याजवळ उरलं नव्हतं, ते आता फक्त त्या कागदांच्या पाठीवर होतं, आणि मी ते तिला घासाघासानं परत देत होते. माझ्या उभ्या जन्मात मी याहून शहाणं काम केलं नसेल.

दिवसा मंडळात जाऊन मी तेच कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करत होते. घाई नव्हती. निदान मला नव्हती.

मग शाजापूरची आजारी पडली. ती ट्रंकवाली, पाणी भरायला लावलेली पोर. आता ती मोठ्या वर्गात गेली होती आणि आत्याच्या कागदांवर तिचं येणंजाणं वाढलं होतं. आत्या कबूल करत नव्हती, पण जीव त्या पोरीवर होता. "शाजापूरचीने माझी साडी वाळत घातली. न सांगता." एवढंसं वाक्य, पण तिच्या लिखाणात तेवढंही दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. तर तिला ताप आला. टायफॉइड. रोज एकच ओळ. ताप आहे. ताप वाढला. डॉक्टर आले. केस कापावे लागले. आणि शेवटी: "वडिलांना तार केली. शाजापूरची ओळखत नाही." जुडी तिथेच संपली.

"ओळखत नाही म्हणजे?" आत्या म्हणाली. "कुणाला ओळखत नाही?"

"तुला, आत्या. तापात."

ती पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "पुढे वाच."

पुढची जुडी अजून अलमारीत होती, आणि नेमकं दुसऱ्या दिवशी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पहाटेच दवाखान्यात जायचं. त्यात त्याच संध्याकाळी सचिवांचा फोन. "ताई, दवाखान्यात चाललात, तर घरी असलेले कागद जमा करून जा. संस्थेची मालमत्ता आहे. उद्या काही कमीजास्त झालं तर?" काही कमीजास्त झालं तर! मी रिक्षा करून गेले आणि जुडी जमा केली. प्रत्येक गाठोड्यावर ठळक अक्षरात चिठ्ठी टाचून ठेवली: दोन्ही बाजू स्कॅन करणे, मागची बाजू महत्त्वाची. सचिवांना तोंडी सांगितलं, दोनदा सांगितलं. "हो हो, आप चिंता मत करो," म्हणाले. चिंता त्याच वाक्याची करायला हवी होती.

माझा डोळा चिघळला. साधं ऑपरेशन, पण माझं नशीब साधं कधी असतं? वाचायचं नाही, वाकायचं नाही, फोन बघायचा नाही, धुळीत जायचं नाही. रस्त्यांच्या चौडीकरणाच्या नावाखाली सगळं शहर उकरून ठेवलेलं, त्यामुळे धुळीत जायचं नाही म्हणजे घराबाहेरच पडायचं नाही. डोळ्यावर पट्टी बांधून मी पडले होते आणि आत्या रोज संध्याकाळी केस विंचरून माझ्या पलंगाजवळ येऊन बसत होती.

"शाजापूरच्या पोरीचं काय झालं?"

"डोळा बरा होऊ दे, वाचते."

दुपारी काय जेवली ते तिला सांगता येत नव्हतं. माझं ऑपरेशन झालंय हे ती रोज विसरत होती, पट्टी बघून रोज नव्यानं दचकत होती. पण शाजापूरची पोर मात्र तिच्या डोक्यात रुतून बसली होती. कुठल्यातरी दिवशी सकाळी उठून तिनं मला विचारलं, "तिचा बाप आला का गं?" मी म्हटलं, "येतोय. गाडी लेट आहे." काय सांगणार दुसरं?

पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि तोवर मंडळाचा शताब्दी सोहळा येऊन ठेपला. कोजागिरीचा मुहूर्त. मोठे पाहुणे येणार, बटण दाबणार, 'डिजिटल संग्रहालया'चं लोकार्पण होणार. मला आश्चर्य वाटलं, कारण माझं काम तर अर्ध्यावर होतं. विचारलं तर सचिव म्हणाले, "सगळं झालं, ताई. फ्रीगंजातल्या स्कॅनिंगच्या दुकानात देऊन टाकलं. त्यांचं मशीन एका झटक्यात गठ्ठा ओढतं. तुम्ही महिनोन्‌महिने करत बसलात ते त्यांनी हां हां म्हणता उडवलं." मला बरं वाटलं, हो, खोटं कशाला सांगू? वाटलं, चला, आता घरबसल्या कॉम्प्युटरवर शाजापूरची सापडेल.

सोहळ्यात मी काळा चष्मा लावून चौथ्या की पाचव्या ओळीत बसले होते. बटण दाबलं, टाळ्या पडल्या. पडद्यावर चौकोन आले: अहवाल, नाटकं, गणेशोत्सव, वसतिगृह. निवेदक बाईंनी 'वसतिगृह' उघडलं. आधी मी स्वतः चढवलेली सुरुवातीची पानं दिसली, पेन्सिलीचं आत्याचं अक्षर, आणि माझा ऊर अभिमानानं भरून आला. मग पान पुढे सरकलं आणि गणेशोत्सवाची निमंत्रणपत्रिका आली. कमळं, मोदक, '॥ श्री ॥', सप्रेम नमस्कार विनंती विशेष. लोक कौतुकानं हरखले, किती सुंदर जुनी छपाई! बाईंनी पुढे ढकललं. कोजागिरीची पत्रिका. आणखी पुढे. पानं तिथेच संपली. "असा आहे आपला समृद्ध वारसा," बाई म्हणाल्या, आणि मसाला दूध वाटायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी मी आधी फ्रीगंजात गेले. दुकानदार सरळ माणूस होता. म्हणाला, "मॅडम, उसमें तो सब एक जैसे कार्ड थे. गठ्ठे के गठ्ठे. सर से पूछा, सर बोले हर डिज़ाइन की एक कॉपी ले लो, बाकी डुप्लीकेट है."

"पीछे नहीं देखा?"

"पीछे?" तो माझ्याकडे बघत राहिला. "सर ने सिंगल साइड बोला था."

आणि चिठ्ठ्या? टाचण्या मशीनमध्ये अडकतात म्हणून चिठ्ठ्या आधीच काढून टाकल्या होत्या. सचिवांनी, स्वतःच्या हातानं, फार व्यवस्थितपणे.

तरीही मला धीर होता. स्कॅन गाढवपणानं केलं तर केलं, कागद आहेत ना? डोळा गेला तरी चालेल, मी काचेवर एकेक ठेवून पुन्हा करीन. त्याच पावली मंडळात गेले आणि खालचा खण उघडला. खणात कागद नव्हता. भैरवगढची कापडं होती, धुतलेली, इस्त्री केलेली, एकावर एक घडी घालून ठेवलेली.

"अरे, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" सचिव म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच प्रसन्न होता. "सर्वपित्रीला आपण विसर्जन केलं. ग्रुपवर फोटो टाकले होते की. सिद्धवटाच्या घाटावर, भटजींना बोलावून, विधिवत. डिजिटल झालंच होतं, मग हा पसारा कशाला ठेवायचा? वाळवी लागते."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! त्यांना वाटलं मला पटतंय.

"कबाडी तर रोज दारात येतो, ताई. पण प्रत्येक कागदावर 'श्री' होतं, गणपती होता. असे कागद रद्दीत द्यायचे का? त्यात उद्या कुणी कचोरी बांधून दिली असती. आपल्याकडून ते पाप व्हायला नको. पूर्वजांचं होतं, पितरांना दिलं."

"पूर्वजांचं?" मी म्हटलं. "साहेब, माझी आत्या जिवंत आहे. नानाखेड्यात आहे. आत्ता घरी बसून वरण-भात जेवत असेल. जिवंत बाईचे कागद तुम्ही पितरांना दिलेत?"

"आत्याबाईंचे? ते पत्रिकांचे डुप्लिकेट होते..."

"पाठीमागे लिहिलेलं होतं!"

मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालच्या मजल्यावरून वाचनालयातले दोघं-तिघं वर आले. आवाज चढला की माझं हिंदी सुटतं, आणि हिंदीत मला शिव्या जास्त येतात. सचिव शांत होते. शांत माणसाशी भांडण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. ते म्हणाले, "ताई, डोळ्यांवर ताण घेऊ नका. तुमचा नेमका आक्षेप कशाला आहे? स्कॅनिंगला, की विसर्जनाला? विसर्जनाला असेल तर तो भावनेचा प्रश्न आहे." मी घडी केलेल्या कापडांकडे बोट दाखवलं. "आणि ही? ही का नाही बुडवली?"

"कापड नदीत टाकायचं नसतं," ते म्हणाले. "प्रदूषण होतं."

कपाळ माझं! मी ती कापडं छातीशी धरून खाली उतरले. जिन्यात कुणीतरी मागे पुटपुटलं, "बाई का दिमाग ऑपरेशन के बाद..." पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

वेडेपणा म्हणा, पण मी तिथून रिक्षा करून भैरवगढला गेले, सिद्धवटाच्या घाटावर. पाऊस होऊन गेलेला, पाणी गढूळ, काठाला दुसऱ्यांचे पिंड, दुसऱ्यांची फुलं. पेन्सिलीचं अक्षर पाण्यात पुसत नाही असं मी लायब्ररीत पोरांना सांगायचे. शाई विरघळते, पेन्सिल टिकते. खरं आहे ते. पण कागदच राहत नाही त्याला काय करायचं? एका गुरुजींनी विचारलं, "किसका करना है, माताजी?" मी म्हटलं, "हो चुका."

मंडळाची बैठक झाली. मी पत्र दिलं होतं म्हणून झाली. सगळ्यांना वाईट वाटलं, चहा झाला. एक जण म्हणाले, हेतू तर शुद्ध होता. दुसरे म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, आणि मग आपण काय बोललो ते कळून चहात बघत बसले. शेवटी ठरलं की आत्याबाईंचा घरी जाऊन सत्कार करायचा. आले सगळे, शाल-श्रीफळ घेऊन. आत्यानं शाल हातात घेऊन पोत बघितला, म्हणाली, "चांगली आहे. कोण वारलं?" सचिव हसले. मला मात्र वाटलं, शंभर वर्षांत या मंडळाला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नसेल. जाताना त्यांनी मला एक रंगीत प्रिंट दिली, चांगल्या जाड कागदावर, वसतिगृहाच्या संग्रहातली निवड म्हणून. गणेशोत्सवाची पत्रिका. कमळं आणि मोदक.

त्या संध्याकाळी आत्या केस विंचरून बसली. डोळ्यावरचा काळा चष्मा मी काढला होता, तो तिच्या ध्यानात आला.

"डोळा बरा झाला तुझा?"

"झाला."

"मग वाच. शाजापूरच्या पोरीचं काय झालं?"

काय सांगू तिला? त्या पोरीचं नावसुद्धा कुठे नव्हतं की शाजापुरात जाऊन विचारावं. जगात फक्त एका बाईला ते माहीत होतं आणि ती मला विचारत होती. मी घरात नजर फिरवली. टेबलावर ती प्रिंट पडली होती. उचलली, नाकाजवळ धरली आणि वाचायला लागले. खोटं वाचायला लागले, हो.

"शाजापूरचीचा ताप उतरला. आज तिने पेज घेतली. देवाच्या कृपेने मोठे संकट टळले. सर्व मुलींनी फार मनोभावे सेवा केली, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. वडिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू—"

"हे कुणाचं आहे?" आत्या म्हणाली.

"तुझंच."

"माझं नाही." तिचा आवाज एकदम वेगळाच लागला. वसतिगृहाच्या जिन्यावरून मुलींना हाक मारणारा असाच असेल. "मी इतकं बडबडं लिहीत नाही. आणि देवाची कृपा कसली? कृपा करायची होती तर ताप कशाला आला असता? उगीच काहीतरी. नीट वाच."

मी चिडले. रागाशिवाय माझ्यात दुसरं काही फार वेळ टिकत नाही. मी कागद सरळ धरला आणि त्यावर जे होतं ते वाचलं. "श्री. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. सालाबादप्रमाणे यंदाही आपल्या मंडळाचा गणेशोत्सव..."

"हां," आत्या म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली, खरी ओळख, या सगळ्या महिन्यांत मी पहिल्यांदा बघितली. "हा माझाच कागद. आता उलट."

मी उलटला.

"वाच."

"काही नाही गं, आत्या. मागे काही नाही."

तिनं माझ्या हातातून तो जाड, गुळगुळीत कागद काढून घेतला. पाठीवरून बोटं फिरवली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, ओळीमागून ओळ, मग पुन्हा वरून.

"असं कसं नाही?" ती म्हणाली. "मी लिहिलंय."